माळावरची मेढशिंगी: ओळख, शेंगा न धरण्याचं कारण आणि रोपं करायची पद्धत

प्रश्न थोडक्यात असाय. खटाव तालुक्यात गावामागच्या टेकडीवर एक वेडंवाकडं बुटकं झाड जागोजागी आहे, मे महिन्यात त्याला रात्री पांढरी वासाची फुलं येतात आणि सकाळी सगळी खाली पडलेली असतात, नंतर विळ्यागत वाकड्या चपट्या शेंगा लागतात. तसंच एक झाड घरामागच्या परड्यात आहे पण त्याला फुलं भरपूर येऊनसुद्धा शेंग धरत नाही. कुणी त्याला बूच म्हणतं, कुणी मेढशिंगी, आणि एका पाहुण्यांनी तर शुगरवर पाला उकळून प्यायला सांगितलाय. शिवाय टेकडीवर याचीच 100 रोपं लावायची आहेत.

आधी ओळख पक्की करू. हे बूच नाही, मेढशिंगीच आहे, शास्त्रीय नाव डॉलिकॅन्ड्रोन फाल्काटा, टेटू-पाडळच्या कुळातलं म्हणजे बिग्नोनिएसी. बूच पण त्याच कुळातलं आणि त्याची फुलं पण पांढरी, रात्रीची, वासाची, म्हणून गल्लत होते. पण बूच हे सरळसोट उंच वाढणारं शहरातल्या रस्त्याकडेचं झाड, मूळचं ब्रह्मदेशाकडचं, आपल्या टेकडीवर ते आपोआप उगवणार नाही. पान हातात घेतलं की वाद मिटतो. बुचाचं पान दोनदा-तीनदा विभागलेलं असतं, मोठ्या देठाला फांद्या आणि फांद्यांना पुन्हा पानं अशी रचना. मेढशिंगीचं पान एकदाच विभागलेलं, देठाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जोड्या आणि टोकाला एक, मिळून बहुतेक पाच किंवा सात पर्णिका, गोलसर, आणि कोवळी असताना हाताला जरा लवदार लागतात. फुलायची वेळही वेगळी, बूच आपल्याकडे पावसाळा संपता संपता बहरतो आणि मेढशिंगी ऐन उन्हाळ्याच्या शेवटी.

फुलात अजून एक खूण आहे जी मला पानापेक्षा खात्रीची वाटते. कळी उमलायच्या आधी बघा, बाहेरचं हिरवं आवरण म्हणजे पुष्पकोश हा पाच पाकळ्यांचा कप नसतो, तो बंद टोपीसारखा असतो आणि एका बाजूने उभा चिरतो, त्या चिरेतून फूल बाहेर पडतं. बागेतल्या लाल पिचकारीच्या फुलालाही असाच एका बाजूने फाटलेला कोश असतो, तीही याच कुळातली. सकाळी खाली पडलेलं फूल उचललं तर त्याला कोश नसतो, तो वर फांदीवरच राहतो, म्हणून ही खूण बघायला फांदीवरच डोळे लावायला लागतात. फुलाची कड चुरगळलेल्या कागदासारखी वाटली तर ते फूल खराब नाही, त्याची कड तशीच असते.

सातारच्या पश्चिमेला, म्हणजे यवतेश्वर-कासकडच्या उतारांवर लोक वारस नावाच्या झाडालाही कधीकधी मेढशिंगी म्हणून दाखवतात. वारसची पानं खूप मोठी आणि फांदीच्या टोकाला दाटीने, फुलं जाडसर आणि लवकर, फेब्रुवारी-मार्चमध्येच, शेंग जाडजूड आणि जवळजवळ सरळ. एकदा दोन्ही शेंगा शेजारी ठेवल्या की परत चूक होत नाही.

आता शुगरचं. हे मी जरा जोर देऊन सांगतोय कारण यात नुकसान होऊ शकतं. आयुर्वेदात मेषशृंगी म्हणून जी मधुमेहाच्या संदर्भात सांगितली जाते ती बहुतेक वैद्य गुडमार किंवा मधुनाशिनी मानतात, ती झाड नाही तर वेल आहे, रुईच्या कुळातली. तिचं पान चावलं की थोडा वेळ जिभेला गोड कळत नाही, साखर खाल्ली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. आपल्याकडे दोन्हीला मेढशिंगी म्हणतात आणि त्यामुळे एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालेत. तुमच्या परड्यातल्या झाडाचा पाला उकळून पिण्यात काही अर्थ नाही, उलट याच झाडाची साल ओढ्यात टाकून मासे गुंगवायची जुनी रीत होती, यावरून काय ते समजा. गुडमारची वेल असली तरी चालू गोळ्या बंद करून पाला चघळत बसायचं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबातच नाही.

हे झालं ओळखीचं. तुमचे बाकीचे दोन्ही प्रश्न, शेंगा का नाहीत आणि रोपं कशी करायची, हे एकाच गोष्टीशी येऊन थांबतात, ती म्हणजे या झाडाचं वेळापत्रक. हे झाड कोरड्या माळाचं आहे आणि त्याचं सगळं वर्ष पावसाळा डोळ्यासमोर ठेवून आखलेलं आहे, ते समजलं की कधी काय करायचं हे वेगळं पाठ करायला लागत नाही.

सातारा जिल्हा तुम्हाला मी काय सांगायचा, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि तिथून सव्वाशे किलोमीटरवर म्हसवडला पाचशेच्या आतबाहेर. तिकडे सांगलीत आटपाडी, जत, कवठेमहांकाळचं तेच. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने जमिनीच्या वरच्या थरात ओल नाही. अशा ठिकाणी झाडाला दोन मार्ग असतात, एक म्हणजे पानं छोटी जाड ठेवून कसंबसं हिरवं राहायचं, नाहीतर पानं टाकून मोकळं व्हायचं. मेढशिंगी दुसऱ्या मार्गाची. हिवाळा सरता सरता पानं गळायला लागतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड नागवं होतं, राखाडी निळसर खवल्याची साल आणि वाळक्या शेंगा एवढंच दिसतं, लोकांना वाटतं मेलं. मग एप्रिल-मेमध्ये, एक थेंब पाऊस नसताना, नवी पालवी आणि फुलं जवळपास बरोबरच येतात.

पाणी कुठून आणतं हा प्रश्न साहजिक आहे. पान गळाल्यावर झाडातून बाहेर जाणारं पाणी जवळपास बंद होतं, आणि खोलवर गेलेली मुळं खडकाच्या भेगांतलं जे थोडंफार पाणी उचलत राहतात ते खोडात साठत जातं. पानगळ म्हणजे झोप नाही, बचत आहे. ती बचत मे महिन्यात फुलांवर खर्च होते. आणि तेव्हाच का, तर आता परागीभवन झालं की शेंग वाढायला अख्खा पावसाळा मिळतो, अन्न तयार करायला पानं असतात, शेंग थंडीत वाळते आणि वाऱ्या-उन्हाच्या दिवसांत फुटते, म्हणजे बी जमिनीवर पडल्यावर तिला लवकरच पुढचा पाऊस मिळतो. पळस, पांगारा, काटेसावर यांचं पण गणित असंच आहे फक्त ते आधी फुलतात आणि पक्ष्यांना बोलावतात म्हणून लाल-केशरी, मेढशिंगी उशिरा आणि रात्री फुलते म्हणून पांढरी.

रात्रीचं कारण सोपं आहे. मे महिन्यात दुपारी चाळीस डिग्रीला एवढी पातळ पाकळी दोन तास टिकणार नाही. म्हणून कळ्या संध्याकाळी फुगतात, अंधार पडता पडता उमलतात, रात्रभर वास सोडतात आणि सकाळी ऊन चढायच्या आत गळून जातात. पांढरा रंग, गोड वास, लांब अरुंद नळी आणि तळाशी मध, हा सगळा थाट लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतो, ज्यांना आपण हॉक मॉथ म्हणतो, ते फुलासमोर हवेत तरंगत सोंड आत घालतात. सकाळी मधमाश्या खाली पडलेल्या फुलांवर दिसतात पण तोपर्यंत काम झालेलं असतं किंवा राहून गेलेलं असतं.

फुलाच्या आत चार पुंकेसर असतात, दोन लांब दोन आखूड, आणि पाचवा नावापुरता खुरटलेला. मधोमध बीजांडकोशातून निघालेली लांब दांडी आणि तिच्या टोकाला दोन चपट्या पाकळ्यांची कुक्षी. या कुळातल्या बऱ्याच झाडांत ही कुक्षी स्पर्शाला हलते, गवताच्या काडीने आत हळूच टेकवलं की दोन्ही पाकळ्या काही क्षणांत मिटतात. पुरेसे पराग मिळाले तर मिटलेलीच राहते, नुसताच धक्का असेल तर काही वेळाने पुन्हा उघडते. रात्री टॉर्च घेऊन हे करून बघाच, घरातल्या पोरांना तर नक्की दाखवा, वनस्पती हलत नाहीत हा समज तिथल्या तिथं निघून जातो.

आता परड्यातल्या झाडाला शेंगा का नाहीत. खतं-पाणी कमी पडतंय म्हणून नाही, ते डोक्यातून काढा. बिग्नोनिएसीतल्या पुष्कळ जातींमध्ये स्वतःचेच पराग स्वतःच्या कुक्षीवर पडले तर फळ धरत नाही, फुल धरल्यासारखं वाटतं आणि चार दिवसांत देठासकट गळतं. बूच भारतात सगळीकडे लावलाय पण त्याला शेंग क्वचितच दिसते. टेकडीवर तुमची झाडं जवळजवळ आहेत, पतंग एकावरून दुसऱ्यावर जातात, म्हणून तिथं शेंगा लागतात. परड्यातलं एकटं पडलंय. त्यात घराजवळ रात्रभर एलईडीचा मोठा दिवा चालू असेल तर पतंग दिव्याभोवतीच फिरत बसतात, फुलापर्यंत येतच नाहीत, हे मी बऱ्याच घरांजवळ बघितलंय. मेमध्ये दोन-तीन आठवडे तो दिवा बंद ठेवता आला तर ठेवा.

आणि खात्री करायची असेल तर स्वतः परागीभवन करा, अवघड काही नाही. टेकडीवरच्या दोन-तीन झाडांची संध्याकाळी नुकती उमललेली फुलं डब्यात ठेवून आणा, रात्री आठ-नऊच्या सुमारास परड्यातल्या झाडाच्या ताज्या फुलात त्या पुंकेसरांची पिवळी पूड कुक्षीच्या आतल्या बाजूला लावा, कुक्षी मिटून तशीच मिटलेली राहिली की समजा पराग बसले. ज्या फुलांना लावलंय त्यांच्या देठाला दोरा बांधा. दोरा बांधलेल्यांना शेंग आली आणि बाकीच्यांना नाही तर कारण सिद्ध झालं. मग कायमचा उपाय म्हणजे टेकडीवरच्या बियांची दोन-तीन रोपं परड्यातच लावा. त्याच झाडाची फांदी लावून उपयोग नाही, ते झाड वेगळं होत नाही.

रोपांकडे येऊ. शेंग वीतभर ते फूटभर लांब, चपटी, वाकडी, पिकली की तपकिरी होते आणि दोन शकलांत उघडते. आत मधोमध एक पातळ चपटा पडदा आणि त्यावर थर लावून ठेवल्यासारख्या बिया, प्रत्येक बीला दोन बाजूंना पारदर्शक कागदासारखे पंख. वाऱ्याने उडायलाच बनवलेल्या आहेत, त्यामुळे शेंग झाडावर फुटली की बी तुमच्या हाती लागत नाही. शेंग तपकिरी झालीय पण चिरली नाहीये त्या वेळी तोडायची, हिरवी तोडली तर आतली बी भरलेली नसते. गोणपाटात सैल बांधून सावलीत ठेवा, उन्हात नको, चार-आठ दिवसांत आपोआप उघडतात. एकाच झाडाच्या शेंगा घेऊ नका, टेकडीच्या वेगवेगळ्या बाजूंच्या पाच-सात झाडांच्या मिसळा, वरचं शेंगांचं सगळं रामायण वाचल्यावर याचं कारण सांगायला नको. आणि अर्ध्या शेंगा झाडावरच सोडा.

बी साठवायच्या भानगडीत पडू नका. या कुळातल्या बीत पिठूळ साठा नसतो, जे काही अन्न आहे ते दोन दलांमध्ये, आणि साल कागदासारखी, त्यामुळे बी लवकर दम सोडते. त्याच हंगामात, मार्च-एप्रिलमध्येच लावून टाका. दोन भाग गाळलेली लाल माती किंवा पोयटा, एक भाग बारीक मुरूम किंवा वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. काळी माती अजिबात नको, ती पाणी धरते आणि रोप कोलमडतं. बी आडवी ठेवायची, पंख काढायची गरज नाही, वरून नखाएवढा मातीचा थर, त्यावर पाचटाचा पातळ थर (सांगली-साताऱ्यात पाचट कमी नाही). पाणी बारीक झारीने, नाहीतर बिया तरंगून एका कोपऱ्यात गोळा होतात. दोनेक आठवड्यांत उगवायला लागतात, पाचट लगेच काढा. पहिली दोन पानं मधे खाच असलेली दिसतील, ती खरी पानं नाहीत, बीची दलं आहेत, तण समजून उपटू नका. नर्सरीतल्या कामगारांना हे आधी दाखवून ठेवायलाच लागतं.

उगवल्यावर बहुतेक जण जास्त पाण्याने मारतात. माती वरून सुकलेली दिसली तरच द्या. पिशवी उंच घ्या, रुंद नसली तरी चालेल, कारण हे रोप पहिल्या वर्षी वर कमी आणि खाली जास्त वाढतं, आखूड पिशवीत मूळ तळाशी गोल फिरतं आणि असं रोप टेकडीवर लावलं तर चार वर्षांनी वाऱ्यात हलतं किंवा तसंच खुरटून राहतं. मूळ पिशवीबाहेर जमिनीत घुसू नये म्हणून महिन्याला एकदा पिशव्या उचलून जागा बदला.

लावायचं कधी, यात माझं मत बऱ्याच वृक्षारोपणवाल्यांपेक्षा वेगळं आहे. सरकारी कार्यक्रम जून-जुलैला असतात, फोटो निघतात, पण माण-खटाव-आटपाडीकडे खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा, परतीचा. जूनला दोन सरी पडून मग जुलै-ऑगस्ट नुसता वारा. दोन-अडीच महिन्यांचं कोवळं रोप त्या वाऱ्यात टिकत नाही. माझं म्हणणं, पहिला पावसाळा रोप नर्सरीतच काढू द्या, पुढच्या वर्षी दीड फुटाचं, खोड पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप लावा. तेही मुरूम वीतभर खोल भिजल्यावरच, मग तो महिना कुठलाही असो. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पाणी दिलं तरी पुरे, दुसऱ्या उन्हाळ्यात पान टाकेल तेव्हा घाबरून पाणी ओतू नका.

गावात समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले चर, असतील तर चराच्या आत लावू नका, खालच्या बाजूच्या मातीच्या भरावावर लावा. 2016 ला कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा जिंकली तेव्हापासून आपल्या भागात चर पुष्कळ झालेत, पण त्यात पाणी तुंबलं की मेढशिंगीसारखी निचऱ्याची झाडं आतून कुजतात.

सगळ्यात मोठा शत्रू वणवा आहे. गवत चांगलं येतं म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटवायची खोड अजून गेली नाही. मोठं झाड जळलं तरी बुंध्यातून परत फुटतं, म्हणून तर तुमच्या टेकडीवरची झाडं इतकी वाकडी आणि बुटकी, बऱ्याचदा ती तोडीची आणि जाळाची निशाणी असते, जातीचा दोष नव्हे. चांगल्या जागी हेच झाड वीस-पंचवीस फूट जातं आणि त्याचं लाकूड घट्ट, चकचकीत, पूर्वी अवजारांना आणि घराच्या लाकूडकामाला वापरायचे. पण एक-दोन वर्षांचं रोप जाळात गेलं तर संपलं. त्यामुळे 100 खड्डे खणायच्या आधी दिवाळीनंतर दहा-बारा फुटांची जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेली मोकळी पट्टी, काढायला माणसं आहेत का ते बघा. नसतील तर 30 लावा आणि तेवढीच राखा. देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य बघितलं असेलच, जवळपास अकरा चौरस किलोमीटरचं, उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांसारख्या माणसाच्या चिकाटीने उभं राहिलेलं. तिथं जाऊन कुंपणाच्या आत आणि बाहेरच्या डोंगरातला फरक बघा, राखण करण्याचं महत्त्व मी सांगण्यापेक्षा ते कुंपण जास्त सांगेल.

आणि नुसती मेढशिंगीच 100 लावू नका. ही जात रानात कधी एकटी गर्दी करून राहत नाही, खैर, आपटा, पळस, धावडा, मोई, सालई, बारतोंडी, खाली हेंकळ आणि तरवड यांच्यात विखुरलेली असते. दहा-बारा मेढशिंग्या, पण एकमेकींपासून पतंगाला सहज जाता येईल अशा अंतरावर, आणि बाकी ही मंडळी, असं केलं तर शेंगाही धरतील आणि फेब्रुवारीपासून जूनपर्यंत टेकडीवर कायम काहीतरी फुललेलं राहील. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ मधे घुसवू नका, ते लवकर वाढून सावली करतात आणि मेढशिंगीला उघडं ऊन लागतं.

परड्यातल्या झाडापासून भिंतीला धोका आहे का असंही विचारलंय, तर दहा फुटांवर असेल तर काही होत नाही. फक्त छाटणी करायची असेल तर शेंगा काढून झाल्यावर, पानं नसताना फेब्रुवारीत आणि तीही वाळलेल्या फांद्यांपुरतीच करा, कारण मार्चनंतर कापलं तर त्या वर्षीच्या कळ्या फांदीबरोबरच जातात.